ओटीवरचा कंट्रोलर

४ मार्च २००३, सकाळी

हर्षालीला परत उन्हाळी लागली. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय आणि हे असं कितव्यांदा झालं ते मोजणं मी सोडून दिलंय. लघवीला आग, पोटात कळा, सारखं जावंसं वाटतं म्हणे. त्यात पाचवा महिना. डोकं फिरतं. सून भातसानगरच्या कॉलनीत वाढलेली, बाप धरणावर नोकरीला, म्हणजे नाजूक असणार हे मी लग्नाआधीच बोललो होतो. माझं ऐकतं कोण!

या घरात कमी काय आहे? वैशाखऱ्यात आमच्या आळीतला पहिला संडास मी बांधला. पांढऱ्या टाइल्स, निळा दरवाजा, आत नळ. आणि मागे परसात लपवून नाही. पुढे अंगणात, ओटीच्या बरोबर समोर. माळशेजच्या गाडीतून जाणाऱ्यालाही दिसला पाहिजे. सकू, म्हणजे आमचं कुटुंब, तेव्हा म्हणत होती की मागे बांधा. मागे बांधून बघणार कोण?

मी एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालो. सगळा जन्म स्टँडच्या केबिनमध्ये बसून गाड्यांवर नजर ठेवली. आता ओटीवर खुर्ची टाकून घरावर ठेवतो. गावही मला कंट्रोलरच म्हणतं.

निश्चय : आजपासून सुनेचं दुखणं माझ्या ताब्यात. महिन्याभरात मुळापासून काढतो.

५ मार्च

कारण सापडलं. उष्णता. मिरची, लोणचं, सुकट, सगळं बंद. सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी आणि बार्ली चालू. नियम घराला लागू, फक्त सुनेला नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

अनंता (चिरंजीव, मुरबाडच्या कारखान्यात आहेत) बिनमिरचीची आमटी मुकाट्याने जेवला. स्टँडवर भजी खाऊन आला होता, वासावरून कळलं.

८ मार्च

बार्लीचा तांब्या भरलेला आत जातो आणि भरलेलाच बाहेर येतो. मी विचारलं, हा काय प्रकार आहे? सकू म्हणाली, "दिसाचा येवढा पानी प्यायली तं जाल कुठं ती?"

जाल कुठं! मी हात करून दाखवलं. हा समोर काय देव्हारा बांधलाय? आळीतले धाऊ आणि धोंडी ओटीवर बसले होतेच, दोघंही सकाळपासून असतात. त्यांनी मान डोलावली. धाऊ म्हणाला, असल्या टाइल्स मुरबाडात पन नायत. हर्षाली दारात उभी होती, पदर घेऊन आत गेली.

नंतर सकू हळूच म्हणाली, "तुमी जरा दुपारचं देवलात जाऊन बसत जा ना." म्हणजे रिटायर झालेला माणूस घरात नको. मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. माझी ओटी, माझी खुर्ची.

१२ मार्च, संध्याकाळी

मुरबाडला डॉक्टरीणबाईंकडे. लघवी तपासली, जंतू निघाले. मी उष्णतेबद्दल सविस्तर सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, लिहून काहीच घेतलं नाही. म्हणाल्या, पाणी भरपूर प्यायचं, लघवी रोखून धरायची नाही, गोळ्या सात दिवसांच्या आहेत, बरं वाटलं तरी मधेच सोडायच्या नाहीत. पोटुशी बाईला हे सारखं सारखं होणं धोक्याचं. जंतू वर किडनीत चढले तर थंडी वाजून ताप येतो आणि दिवस भरायच्या आत कळा सुरू होऊ शकतात.

हे ऐकून मी घाबरलो. तोंडावर दाखवलं नाही.

मग हर्षालीला पडद्याआड नेलं. दोघी बराच वेळ बोलत होत्या. बाहेर येऊन बाईंनी मला विचारलं, संडास घराच्या कोणत्या बाजूला आहे? मला हुरूप आला. त्यांच्याच कागदावर काढून दाखवलं. हा रस्ता, हे अंगण, हा संडास, ही ओटी. तुम्ही कुठे बसता? मी फुली मारली. बाई म्हणाल्या, "ती खुर्ची तिथून हलवा, आजोबा."

आजोबा! अजून नातू यायचाय.

१३ मार्च

रात्रभर विचार केला. खुर्चीचा आणि लघवीचा संबंध काय? सकाळी उलगडा झाला. वास्तू! हल्ली शिकलेल्या लोकांत ते खूळ फार आहे. माझा विश्वास नाही, पण सुनेच्या जिवासाठी माणूस काय करत नाही? खुर्ची उचलून ओटीच्या दुसऱ्या टोकाला नेली. इथे दुपारचं ऊन लागत नाही. पूर्वी संडासाचा दरवाजा तिरका दिसायचा, आता अगदी समोर आला.

अनंताने येऊन खुर्चीकडे बघितलं, संडासाकडे बघितलं, कपाळाला हात लावला. काय झालं विचारलं तर काय नाय म्हणाला. धड बोलायचं नाही ही त्याची जुनी खोड.

१६ मार्च

आग थांबली! वास्तू आणि बार्ली, दोन्ही लागू पडले. गोळ्या बंद केल्या. बरं वाटत असताना गरम औषध बाळाच्या अंगावर कशाला? उरलेल्या माझ्या कपाटात कुलपात ठेवल्या, पुढच्या वेळी कामाला येतील. अनंता म्हणाला, डॉक्टरनी पूर्ण करायला सांगितल्यात. मी विचारलं, या घरात मोठं कोण?

२८ मार्च

परत तेच. उरलेल्या गोळ्या काढून दिल्या, ढिम्म फरक नाही. नकली माल. मुरबाडला जाऊन औषधवाल्याला गिऱ्हाइकांसमोर झापला. तो उलट मलाच सांगतो, कोर्स अर्धा टाकलात की जंतू मरत नाहीत, उलट माजतात. आता औषधवालेही डॉक्टर झाले. बाहेर पडताना त्याच्या पायरीवरून पाय घसरला, त्याबद्दलही बोललो.

३० मार्च, रात्री जेवणानंतर

आज कडक बंदोबस्त ठेवला. रोखून धरते असं बाईंचं म्हणणं, तर खरं-खोटं होऊन जाऊ दे. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत खुर्ची सोडली नाही. जेवणाचं ताटही ओटीवर मागवलं. सोबतीला धाऊ-धोंडी होते. सहा डोळे एका दरवाज्यावर.

निष्कर्ष धक्कादायक. दिवसभरात सून एकदाही गेली नाही! दोनदा उंबऱ्यापर्यंत आली, आमच्याकडे बघितलं आणि मागे फिरली. मी काळजीने आवाज दिला, "हर्षाली, जाऊन आलीस का गो?" धोंडीनेही विचारलं, "काय झाला? पानी नाय काय नळाला?" त्यानंतर ती बाहेरच आली नाही. काळोख पडल्यावर सकू तिला घेऊन ओहोळाकडे गेली. घरात टाइल्सचा संडास असताना ओहोळ!

आजकालच्या मुलींना साधी विचारपूस सहन होत नाही. माझ्या बापाने अशी विचारपूस केली असती तर मी धन्य झालो असतो.

३ एप्रिल

काल पाडवा. गुढी उभारली, आळीतली सगळी मंडळी ओटीवर. संध्याकाळपर्यंत बैठक हलली नाही. सगळ्यांना संडास दाखवला. कुणी वापरला नाही, पण कौतुक केलं.

हर्षालीने दिवसभर पुरणपोळ्या लाटल्या. आज अंगात कणकण. अनंताने मला न विचारता तिला भातसानगरला माहेरी नेऊन सोडलं. न विचारता! मी ओटीवर बसलेला असताना माझ्यासमोरून पिशवी घेऊन गेला.

१२ एप्रिल

भातसानगरहून फोन. हर्षाली ठणठणीत. तिथल्या डॉक्टरने नवीन गोळ्या दिल्या, पूर्ण घेतल्या, आग नाही, ताप नाही, भूक लागते.

आनंद व्हायला हवा. झाला नाही. माझ्या घरात आजारी आणि तिथे ठणठणीत, याचा अर्थ गाव काय लावेल? सकू म्हणते, "तिथं तिला मोकला वाटतं." मोकळं म्हणजे काय? आमचं अंगण त्यांच्या अख्ख्या क्वार्टरएवढं आहे.

१५ एप्रिल

स्वतः भातसानगरला गेलो. चौकशी केल्याशिवाय मी मत बनवत नाही.

क्वार्टर लहान. व्याही हनुमानराव पुढच्या खोलीत टीव्हीकडे तोंड करून बसतात. संडास मागे, मोरीच्या बाजूला, पुढून दिसतही नाही. रंग उडालेला, टाइल्स नाहीत. दाखवायला लाज वाटेल असा. हर्षाली माझ्यासमोर घटाघट दोन पेले पाणी प्यायली आणि थोड्या वेळाने उठून मागे गेली, आली, कुणाचं लक्षही नाही. हनुमानरावांनी मान वळवली नाही. काय हा निष्काळजीपणा! सून नाही, पोटची मुलगी आहे.

विचार करता करता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाणी! भातसाचं पाणी. सगळी मुंबई उगाच पिते काय? हनुमानरावांना म्हटलं, हे पाणी पाहिजे. ते म्हणाले, "पानी न्या पायजे तेवढा, पन पोरगी र्‍हाऊ द्या अजून थोडी." मी स्पष्ट सांगितलं, पोरगी आता आमची आहे.

२२ एप्रिल

सून आली. सोबत दोन कॅन भरून भातसाचं पाणी. अनंताने ते गाडीतून आणले आणि ओटीवर आपटले. कंडक्टरशी सामानाच्या तिकिटावरून वाद झाला म्हणे. मी असतो तर कंडक्टरची खैर नव्हती.

आता बघू कशी आजारी पडते.

१ मे

पडली.

दोन्ही कॅन जवळजवळ भरलेले. पाण्याला हातच लावत नाही पोरगी. सकूला विचारलं तर ती भांडी आपटत म्हणाली, "पान्यात काय नाय. तुमच्या डोल्यात हाय." माझे डोळे तपासून घेतले आहेत, दोन्हींना मोतीबिंदू नाही.

६ मे, दुपारी

मला वाटतं खरी अडचण आता समजली. आत कुणी आहे की नाही हे बाहेरच्याला कळत नाही. दार ढकललं जाईल अशी भीती बाईमाणसाला वाटणारच. एवढी साधी गोष्ट एकाही डॉक्टरला सुचू नये! वायरमन धर्माला बोलावून संडासावर लाल दिवा बसवला. आत बटण दाबलं की बाहेर दिवा लागतो. रस्त्यावरूनही दिसतो. अख्ख्या तालुक्यात अशी सोय नसेल.

हर्षालीला बोलावून सगळं समजावून सांगितलं. तिने मान खाली घातली. मी समजलो, पटलं.

७ मे

आज गेली! अखेर गेली. भर दुपारी, जवळजवळ धावतच. दिवा लागला. धोंडी ओरडला, "लाल झाला!" नेमकी त्याच वेळी माळशेजची गाडी आली. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा, त्याला दिव्याचं कौतुक कालच सांगितलं होतं. त्याने लांबलचक हॉर्न दिला. खिडकीतून माणसं बघत होती. मी ओटीवरून हात हलवला.

हर्षाली बाहेर आली तेव्हा रडत होती. आग होत असेल. तरी यंत्रणा यशस्वी.

१९ मे, कल्याण

तीन दिवस वही उघडली नाही. इथे दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहितोय.

शुक्रवारी दुपारी हर्षालीला हुडहुडी भरली. गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. कंबरेच्या वर एका बाजूला एवढं दुखत होतं की हात लावू देईना. उलट्या. मुरबाडला नेलं, बाईंनी हात लावताच कल्याणला पाठवलं. जंतू किडनीत गेले. वाटेत जीपमध्ये कळा सुरू झाल्या. सातवा महिना. सकू तिचं डोकं मांडीवर घेऊन देवाची नावं घेत होती आणि मी ड्रायव्हरवर ओरडत होतो. त्याची चूक नव्हती. कुणावर तरी ओरडायला पाहिजे होतं.

सलाईनमधून औषधं दिली. कळा थांबल्या. बाळ आत आहे, सुखरूप आहे. इथे वॉर्डात मला जाऊ देत नाहीत, बायकांचा वॉर्ड म्हणे. मी त्यावरून भांडलो. नर्स म्हणाली, "बाबा, त्यांना जरा एकटं सोडा." सगळे एकच सूर लावतात.

२१ मे

अनंता माझ्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा. दवाखान्याच्या गेटवर, चहावाल्यासमोर.

म्हणाला, "तुमी समोर बसता म्हनून ती जात नाय. गावातली मानसं बसवता म्हनून जात नाय. लाजेनं पानी पीत नाय. समदे तुमाला सांगतान, तुमाला आयकूच येत नाय. मरली असती ती!"

मी म्हणालो, मी बसतो ते घराच्या राखणीला. लाज? सासरा म्हणजे बापाच्या जागी. तो म्हणाला, मंग तिच्या बापासारका तोंड फिरवून बसा. आणि निघून गेला. बापाशी बोलायची ही पद्धत? चहाचे पैसे पण मीच दिले.

२६ मे

घरी आलो. अनंता आधीच येऊन लाल दिवा वायरसकट उपटून घेऊन गेलेला. भिंतीला भोक तसंच. टाइलचा तुकडा उडालाय.

हर्षाली दवाखान्यातून थेट भातसानगरला. सकूही तिच्यासोबत गेली, बाळंतपण होईपर्यंत राहणार. नवरा इथे एकटा, त्याचं काही नाही. मुगाची खिचडी केली, खाली लागली.

२० जून

अनंताने मुरबाडला भाड्याने खोल्या घेतल्या. कामावरून लांब पडतं हे कारण सांगितलं. एवढी वर्षं लांब पडत नव्हतं. मी म्हणालो, जा. घराचं दार उघडंच आहे.

१७ जुलै

मुलगी झाली. दिवस पूर्ण भरून. वजन चांगलं, आई चांगली. फोन सकूचा. मी काय बोललो आठवत नाही. फोन ठेवल्यावर पीसीओवाल्याने विचारलं, कंट्रोलर, रडताव काय? मी त्याला म्हणालो, तुझ्या केबिनमध्ये धूळ किती आहे ते बघ आधी.

६ ऑगस्ट

पावसाने ओहोळ दुथडी. वाट निसरडी, गुडघा साथ देत नाही. म्हणजे आता दिवसाउजेडी समोरचाच वापरावा लागणार. बांधल्यापासून मी तो वापरला नव्हता, चांगला राहावा म्हणून.

सकाळी उठलो जायला. धाऊ-धोंडी ओटीवर. पाऊस म्हणून दोघं हलायला तयार नाहीत. मी अंगणात पाऊल टाकलं तसं धोंडी म्हणाला, "कंट्रोलर, चाललाव काय?" मी म्हणालो, नाय रे, पाय मोकळे करतोय. परत येऊन बसलो. थोड्या वेळाने पुन्हा उठलो. धाऊ म्हणाला, "पाय मोकले करताव?" परत बसलो. चहा प्यायलो नाही.

ते जेवायला गेले तेव्हा कुठे सुटका. माणसांना काही कळायला नको का? समोर ठाण मांडून बसायचं आणि वर विचारायचं!

१४ ऑगस्ट

लघवीला आग. थंडी वाटते. कारण : उष्णता? पावसाळ्यात? धने-जिऱ्याचं पाणी केलं. प्यायलो नाही, कारण ते दोघं बसले होते.

१८ ऑगस्ट, संध्याकाळी

शेवटी मुरबाडला डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी ओळखलं. तपासलं, जंतू निघाले. या वयात पुरुषाला झालं म्हणजे प्रोस्टेटचीही तपासणी करायची, चिठ्ठी दिली. विचारलं, पाणी पिता का? म्हटलं, फार नाही. रोखून धरता का? मी तावातावाने म्हणालो, धरणार नाही तर काय! समोर माणसं बसलेली असतात.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. मी टेबलावर कागदांवर ठेवलेल्या वजनाकडे बघत राहिलो. काचेचं होतं. तिथल्या तिथे पेलाभर पाणी मला प्यायला लावलं, मग दुसरा.

तिथून अनंताच्या खोलीवर गेलो, भातसानगरहून सगळ्या परस्पर तिथेच आल्यात. बोलावलं नव्हतं. तो कामावर. सकूने दार उघडलं, हर्षाली पोरीला घेऊन बसलेली. पोर गोरी आहे, नाक आमचं. दोन खोल्या, संडास आतच. पण त्याचा दरवाजा नेमका बसायच्या खोलीत उघडतो, आम्ही बसलो होतो तिथून दोन हातांवर. बाईंचं पाणी उतरायला लागलं. मी या मांडीवरून त्या मांडीवर होत होतो. दोन बायकांसमोरून उठून तिथे कसं जायचं? मी पावसाबद्दल बोललो. मग धरणाबद्दल. घाम फुटला.

हर्षालीने एकदाच माझ्याकडे बघितलं. उठली, पोरीला खांद्यावर घेतलं आणि सकूला म्हणाली, "आई, चला, आपन हिला खाली गाडी दाखवू." सकू म्हणाली, आता? पावसात? हर्षाली म्हणाली, "छत्री घेते ना. मामा बसलेत, घाई नाय." बाहेर जाऊन दार तिने ओढून घेतलं. मी काही मागितलं नव्हतं, तिने काही विचारलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्या वर आल्या. जिन्यातच हर्षाली दोनदा खोकली, मग दार ढकललं. तिचा एक खांदा भिजलेला होता, पोर कोरडी होती. बोलावं असं फार वाटलं, तोंडातून निघालं एवढंच की छत्री लहान आहे. ती म्हणाली, "हो मामा," आणि चहा टाकायला आत गेली.